गुरुवारचा नायट्रोजन

दर गुरुवारी प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनची टाकी भरायची, हे काम माझं. तिच्यावर दादाचा किरण टिपणारा डिटेक्टर बसवलेला होता. आत मुठीएवढा जर्मेनियमचा स्फटिक, सव्वीस वर्षं अखंड गारठ्यात ठेवलेला. टाकी जेमतेम आठ दिवस पुरायची.

दादानं मला एकदा समजावलं होतं. "किरण आत शिरला की इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांचा इवलासा ढग होतो, मागं रिकाम्या जागा उरतात. विजेच्या दाबानं तो ढग लगेच ओढून घ्यायचा. ढग केवढा, त्यावरून किरणाचा जोर कळतो. ओढला नाही तर सगळे परत रिकाम्या जागांत जाऊन बसतात. किरण आला होता याचा मागमूसही राहत नाही."

"आणि गारठा कशाला?"

"उबेत ते किरणाशिवायच सुटतात, नुसता गलका. त्यात हा जुन्या घडणीचा. एकदा ऊब लागली की आतलं लिथियम जागा सोडतं, मग बर्फात पुरलंस तरी उपयोग नाही. तुझे नेम चुकले तर देव समजून घेतो, बाई. हा घेत नाही."

दवाखान्यात जाताना त्यानं एवढंच मागितलं, "त्याला सांभाळ."

पुढच्याच गुरुवारी दादाला धाप लागली. तीन दिवस मी त्याच्या उशाशी होते. टाकी आठवलीच नाही. रविवारी आठवली तशी धावत गेले. तोंडाशी नेहमीचं धुकं नव्हतं. टाकी भरली, स्फटिक गार व्हायला दुपारपर्यंत थांबले. पडद्यावरच्या आलेखात जिथं सुईसारखं शिखर यायचं, तिथं पसरट उंचवटा आला.

संध्याकाळी दादानं डोळे न उघडताच विचारलं, "भरलंस?"

खोटं बोलायचं नाही, हा माझा सगळ्यांत जुना नेम.

"भरलं, दादा." तेवढं खरं होतं.

"शिखर कसंय?"

त्याचा हात माझ्या हातात होता, हलका, गार.

"सुईसारखं."

"म्हातारा माझ्यापेक्षा चिवट निघाला," तो हसला. सोमवारी पहाटे गेला.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी डिटेक्टरचं विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "माझ्या हातून गेला." त्यांना सांगणं सोपं होतं.

गुरुवारी सवयीनं जाड हातमोजे चढवले, टाकी भरली. पांढरं धुकं फरशीवर उतरलं, माझ्या पायांशी जरा थांबलं आणि विरून गेलं.