ड्रममशीनची सवत

एवढ्या उन्हात काळं चामडं अंगावर घालून फिरायला श्रद्धा लागते. आमच्या 'लोखंडी वळू' बँडच्या चाहत्यांकडे ती होती. आमच्या घान्झी गावच्या रस्त्याने ते निघाले की साखळ्या खुळखुळायच्या आणि शेळ्या आपणहून बाजूला व्हायच्या. मी त्या बँडचा ड्रमवाला, मोआगी. स्टेजवरचं नाव कवटीफोड.

मग आमचा गायक त्शेनोलो राजधानी गाबोरोनेहून एक मशीन घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढं.

"यात सगळं आहे," तो म्हणाला.

"ड्रमपण?"

"ड्रमपण."

"मग मी?"

"तू तर भाऊ आहेस रे."

नोकरी घालवायची असली की माणसाला आधी नातं देतात.

पुढच्या कार्यक्रमात त्याने माझे ड्रम कुठेतरी हलवले आणि मशीन वाजलं. टुक टुक टुक टुक. निम्मे नाचले. निम्म्यांनी पाठ फिरवली आणि तसेच उभे राहिले, कारण त्या पँटींत खाली बसता येत नाही. तेव्हापासून गावात दोन तट पडले, चामडेवाले आणि वायरवाले. एकमेकांच्या घरच्या मयतीलाही जाईनात. माझी आई वायरवाली निघाली.

"त्याला आवाज कमी करायचं बटण आहे," ती म्हणाली. "तुला नव्हतं."

शेवटी मी तक्रार कगोटलात नेली. गुरांची, विहिरींची, सुनांची भांडणं ज्या बाभळीखाली मिटतात, तिथे. कगोटलातला प्रत्येक शब्द सुंदर, असं आमचे वडीलधारे म्हणतात, त्यामुळे तिथे प्रत्येकजण बोलतो. एक म्हातारा नुसता आपल्या मेलेल्या बैलाविषयी बोलला. तेही सुंदरच धरलं. मला मात्र एवढंच हवं होतं, की माझे ड्रम मला परत मिळावेत.

दुपार कलल्यावर गावप्रमुख, म्हणजे आमचे कगोसी, ओलेबीले यांनी त्शेनोलोला विचारलं, "हे आणताना मोआगीला विचारलं होतंस?"

"नाही, कगोसी."

"म्हणजे पहिलीला न विचारता दुसरी आणली."

"कगोसी, ते यंत्र आहे."

"दुसरी आणणारा प्रत्येकजण म्हणतो, ती तशी नाही. देज किती गुरं दिलीस?"

"दुकानातून आणलंय, कगोसी."

"फुकट नेली पोरगी," मागून कोणीतरी हळहळलं.

मनगटाला खिळ्यांचे पट्टे बांधून मी तिथे बँडची टाकलेली बायको म्हणून उभा होतो. पण निकाल आपल्या बाजूने झुकत होता. म्हटलं, बायको तर बायको.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरची केलेत्सोआजी म्हणाली, "दोघी नांदू देत. पण पहिलीचा मान राहिला पाहिजे. किल्ली पहिलीकडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निकाल झाला. मशीन राहील, मोआगीही राहील. मशीनचं बटण फक्त मोआगी दाबेल.

"आणि माझे ड्रम?" मी विचारलं.

"किल्ली मिळाल्यावर कोणी बोगोबेची लापशी ढवळत बसतं का, बाळा?" आजी म्हणाली.

शनिवारच्या कार्यक्रमात ड्रमच्या जागी खुर्ची होती. पुढे स्टुलावर मशीन. मी पूर्ण चामड्यात बसलो आणि बटण दाबलं.

"बघा, दाबण्यात काय जोर आहे!" चामडेवाले ओरडले. वायरवाले तर नाचतच होते. शिरस्त्राणाला बैलाची शिंगं लावलेला एक दांडगा माणूस डोळे पुसत होता. मी तेरा वर्षं ड्रम बडवले, तेव्हा कोणी रडलं नव्हतं.

दुसऱ्या गाण्याला मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

त्शेनोलोने मागे पाहिलं. "मोआगी, दाब."

"आधी ड्रम आण."

"ते मामांच्या गोठ्यात आहेत. मोठ्या ड्रममध्ये कोंबडी बसलीय."

"उठव."

"अंड्यांवर बसलीय रे."

पहिल्या रांगेत केलेत्सोआजी होती, कगोटलातलीच खुर्ची घेऊन आलेली.

"दाब बाळा," ती शांतपणे म्हणाली. "सगळ्या गावाने बसून ठरवलंय."

तिच्या मागे चामडेवाले आणि वायरवाले खांद्याला खांदा लावून उभे होते. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं.

मी दाबलं. निषेध म्हणून अंगठ्याने दाबलं.

लोकांना तेही आवडलं.