गडग्यापलीकडचा केर

देवरूखच्या रस्त्याला एस.टी. धावू लागली, त्या वर्षीची वैशाखातली गोष्ट. काशीकाकींचा रोजचा नेम असा: आधी घरापुढचं खळं झाडायचं, केर दगडी गडग्यापलीकडे टाकायचा, मग आंघोळ करून वारुळाची माती आणायची आणि तिचं शिवलिंग करून पुजायचं. केराचा हात त्या मातीला लागता कामा नये. माती ती माती, केर तो केर.

चार दिवस त्या बघत होत्या, टाकलेला केर जागेवर राहत नव्हता. वाऱ्याने उडावा, तर मागे एक काडीही नाही. पाचव्या दिवशी त्या दाराआड थांबल्या. महिन्यामागे गावावरच्या कातळी सड्यावर झोपडी बांधून राहिलेली चिमा टोपलीत केर भरत होती, चिमूटभरही न सांडता.

काकींची लेक विमला आठ दिवस तापाने पडून होती, आणि तिच्या फणीतले केस त्या केरातच तर जात होते. करणी करायला आणखी काय लागतं?

काकींचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी गोडीनेच विचारलं, "चिमे, आमचा केर गं कशाला तुला?"

"त्यात माती आसते, काकी. आमच्याकडे नुसता कातळ."

केरात म्हणे माती! काकींना काही ते पटलं नाही. सोमवारी गुरवाकरवी देवाला गाऱ्हाणं घालायचं, चिमाचं नाव घेऊन, असं त्यांनी ठरवलं. देवापुढे नाव गेलं की गाव तिला सड्यावर राहू देणार नव्हता. पण नाव खोटं निघालं तर पाप आपल्या माथी, म्हणून रविवारी त्या स्वतःच सडा चढल्या.

झोपडीमागे उघड्या कातळावर दगडांचं आळं रचलेलं. आत शेण, राख, कुजलेला पाला, आणि त्यातून तवशीच्या वेलाचे दुपानी कोंब वर आलेले. काकींच्याच बांगडीचा हिरवा तुकडा तिथे चमकत होता. शेजारी विमलाच्या केसांचं गुंतवळ. काकींनी वाकून दोन बोटं आत खुपसली.

"जरा हळू, काकी," चिमा म्हणाली. "कालच रुजलीत."

बोटांना ओल लागली. नाकाशी नेली, तर वास थेट वारुळाच्या मातीचा. तरी गुंतवळ त्यांनी ओढून काढलंच आणि पदराच्या गाठीत बांधलं.

सोमवारी गुरवाने विचारलं, गाऱ्हाण्यात नाव कोणाचं घालू? काकी बराच वेळ गाठ चाचपत राहिल्या.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "विमलाचा ताप उतरू दे, एवढंच घाला."

मंगळवारी खळं झाडल्यावर काकी केरापाशी बसल्या. एकेक केस वेचून पानात गुंडाळला, काच बाजूला काढली. उरलेला केर टोपलीत भरून गडग्यावर ठेवला, आणि चिमा तो कशी उचलते ते दाराआडून बघत उभ्या राहिल्या.