जरा पडते, मग दार

किल्ल्या बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण कॉम्प्युटरवरच्या एका दाराने त्याला तीन महिने घाम फोडला होता.

खेळ बायकोचा. जुना, गमतीच्या चित्रांचा. एक गबाळा माणूस बेटावर हिंडतो, दिसेल ते खिशात कोंबतो, आणि माउसने ही वस्तू त्या वस्तूला लावली की भलतंच काहीतरी होतं. कोंबडी टोपीत घातली की टोपी राजाच्या डोक्यावर बसून अंडं देते. ती हसून हसून खुर्चीतून घसरायची. इंग्रजी बोलणं आवाज काढून मराठीत सांगायची. तो शेजारी बसून सल्ले द्यायचा.

"अगं, कुलूप आहे म्हणजे किल्ली असणारच."

"अहो, हे तुमचं दुकान नव्हे. इथे सरळ डोकं कामाचं नाही."

त्या दारापाशी ती थांबली, आणि दोन दिवसांनी गेली.

खेळात जिथे थांबू ती जागा नाव देऊन जपता येते. अशा जागा दहाच. दहाही तिने भरलेल्या. 'कोंबडी सापडली.' 'ह्यांचं ऐकलं आणि बुडाले.' 'डॉक्टरकडे जाऊन येते.' शेवटची, 'जरा पडते, मग दार.' तो रोज ही शेवटची ओळ उघडायचा, दाराशी डोकं आपटायचा आणि बंद करायचा.

रविवारी दुपारी वैतागून त्याने गबाळ्या माणसाच्या खिशातला उंदीर किल्लीच्या भोकात सोडला. आतून किंकाळी आली. पहारेकरी दार उघडून पळत सुटला.

"उंदीर!" तो ओरडला. "चाळीस वर्षं कुलपं उघडतोय, हे कधी सुचलं नाही!"

मुलगी कपड्यांच्या घड्या टाकून धावत आली. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा हसत होते.

"सेव्ह करा आधी. नाहीतर उद्या परत बंद दार."

"जागा कुठेय? तुझ्या आईची एक ओळ पुसावी लागेल."

"मग कोंबडीची पुसा."

"कोंबडीची? वेडी आहेस का!"

"बरं, डॉक्टरची."

तो शेवटच्या ओळीवर गेला. तिची अक्षरं चौकटीत आली, पुढे रेघ लुकलुकत राहिली. बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि थबकलं. नाव बदललंच नाही तर? त्याने नुसतं एंटर दाबलं. ओळ जशीच्या तशी.

"बघ! एक अक्षर गेलं नाही."

"बाबा, तुम्ही म्हणजे ना!" मुलगी हसत चहा टाकायला गेली.

बायकोने ठेवलेलं दार पुन्हा बघावं म्हणून त्याने ती ओळ उघडली.

गबाळा माणूस दाराच्या आत उभा होता. खिसा उघडून पाहिला. तो उंदीर पकडायला तिला दोन दिवस लागले होते. तो नव्हता. त्याने ओळ बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा तेच. ती थांबली होती ती जागाच उरली नव्हती. आपल्याच हाताने आपण ती घालवली, हे त्याला आत्ता कळलं.

मुलगी कप घेऊन आली. "काय झालं? खेळा ना पुढे. सुटलं की आता."

"मला पुढे जायचंच नव्हतं गं," तो म्हणाला, आणि माउस सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.