तेवीस वाकडी भोकं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली असते आणि पोटात बटाटे सांभाळते. माझ्या दोन्ही कुशींना मिळून तेवीस भोकं आहेत आणि त्यांतलं एकही सरळ रेषेत नाही. पाहुणे वाकून बघतात आणि म्हणतात, "कुणा शिकाऊ माणसाचं काम दिसतंय." मला फार राग येतो. मला घडवणारा माणूस चाळीस वर्षं खिडक्या-दारं करणारा मिस्त्री होता.

मिस्त्री एका मोठ्या आजारातून उठले, पण त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि खिडकीजवळची खुर्ची धरली. दीड वर्ष ते तिथेच. जेवायला हाक मारली तर नुसतं "हं" म्हणायचे. त्यांची बायको धीराची, पण हा माणूस असाच खुर्चीत संपणार, ही भीती तिला आतून खात होती. शेवटी तिने एक युक्ती केली. "अहो, बटाटे पायात येतात. एक पेटी करून द्या ना," असा तिने रोजचा धोशा लावला. कंटाळून का होईना, मिस्त्री उठले.

एका जुन्या दाराच्या फळ्यांतून त्यांनी मला घडवलं. हात स्थिर राहीना, म्हणून ते छातीचा भार टाकून रंधा मारायचे. एका दिवसाच्या कामाला दोन आठवडे लागले. पण सांधे असे बसवले, की केससुद्धा शिरू नये. वारा बाहेर ठेवण्यातच त्यांचा जन्म गेला होता ना. माझं झाकण धाडकन पडायचं नाही. आतल्या हवेवर तरंगत, फुस्स करत हळूच बसायचं. येईल त्याला मिस्त्री ते करून दाखवायचे आणि हसायचे. दीड वर्षांनी ते हसत होते, तेही माझ्यामुळे. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि सातव्या दिवशी माझ्या पोटात घाण सुटली.

हवाच नव्हती, दुसरं काय होणार? बटाटे घामेजून मऊ पडले, कांद्यांना पाणी सुटलं. मिस्त्रींना मात्र वासच येईना. इतकी वर्षं पॉलिश हुंगून त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं. बायकोने झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. हे कळलं तर मिस्त्री पुन्हा हत्याराला शिवणार नाहीत, असं तिला वाटलं. मग ते आंघोळीला गेले, की ती सडकं काढायची, मला सोड्याच्या पाण्याने पुसायची आणि नवे बटाटे भरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारणीने वासाचं विचारलं, तर एक बिचारा उंदीर मेल्याचं तिने जाहीर केलं. आणि मिस्त्री मिशीत हसत म्हणायचे, "बघ, महिना झाला, बटाटा अजून जसाच्या तसा." तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा तिचा पाय मुरगळला आणि स्वयंपाक मिस्त्रींच्या गळ्यात पडला. त्यांनी माझ्यातला बटाटा उचलला, तर बोटं थेट आत रुतली. मग तसाच हात घेऊन तिच्या खाटेपाशी गेले.

"हे कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसला असता."

मिस्त्रींनी हात धुतला आणि ते खुर्चीत जाऊन बसले. तो दिवस गेला, दुसराही गेला. ती खाटेवर पडून डोळे पुसत होती. मला वाटलं, संपलं सगळं, आता माझं सरपण होणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी भोकं पाडायचं गिरमिट शोधून काढलं आणि मला तिच्या खाटेजवळ ओढत नेलं. "अगं, घट्ट धर," ते म्हणाले. तिने बसल्या बसल्या मला दोन्ही हातांनी आवळून धरलं. पेन्सिलीची खूण एकीकडे, भोक दुसरीकडेच. गिरमिट घसरलं, की मिस्त्री थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा टेकवायचे. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? तेवीस भोकं पडायला दुपार झाली. कपाळ पुसत ते म्हणाले, "जन्मभर वारा बाहेर ठेवायला शिकलो. आत कसा घ्यायचा, ते आता कळलं."

पुढे त्यांनी आणखी पाच पेट्या केल्या. आता ते नाहीत. परवा त्यांची सून म्हणाली, "भोकं बुजवून रंग देऊ या." तिची म्हातारी सासू एवढंच म्हणाली, "रंग दे हवा तो. भोकांना हात लावू नकोस."

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी घरात असेल, तर तिला आठवड्यातून एकदा ऊन दाखवा आणि कांद्याशेजारी बटाटे कोंबू नका. आणि आपल्या माणसाचं काही चुकलं, तर त्याला पहिल्याच आठवड्यात सांगा. तो खुर्चीत जाऊन बसेल, बसू द्या. आम्हा दोघींना वाटलं होतं, मिस्त्री उठणारच नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गिरमिट शोधत होते.