लाल डब्यातल्या दहा चिंध्या

"शाई पुसलेली सॉल्व्हंटची चिंधी घरी न्यायची नाही. वापरली की थेट झाकणाच्या लाल डब्यात. समजलं?" प्रशिक्षण द्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

छापखान्यातल्या सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. मशीनवरच्या मामांनी नाही हलवली. सव्वीस वर्षं रोलर पुसून त्यांच्या नखांत शाई मुरली होती.

"साहेब, पण आम्ही तर चिंध्या घरी नेऊन धुतो."

"घरी? कशाला?"

"हौस म्हणून," मामा म्हणाले. मागे हशा पिकला. "एका मशीनला महिन्याला दहा चिंध्या मिळतात. त्याच धुवायच्या, त्याच आणायच्या. बायको धुते. तळहाताची सालं निघालीत तिच्या. डॉक्टरांनी मलाच विचारलं, बाई कुठल्या कारखान्यात आहेत?"

साहेब खाली बघायला लागले. सुपरवायझर लगबगीनं वही घेऊन आला.

"मामा, तो आजचा विषय नाही. इथं सही ठोका."

वहीत छापलं होतं : धोकादायक कचरा कसा हाताळायचा याचं पूर्ण प्रशिक्षण मिळालं, यापुढे चूक झाल्यास जबाबदारी माझी. हा कागद मामांनीच गेल्या आठवड्यात छापला होता. असली प्रशिक्षणं कामगाराला वाचवायला नसतातच, मालकाला वाचवायला असतात.

"साहेब, शिकवलंत ते खरं ना?"

"खरं आहे."

मामांनी सही केली. मशीनपाशी गेले, दहाच्या दहा चिंध्या लाल डब्यात टाकल्या आणि नव्या मागायला स्टोअरकीपरकडे गेले.

"महिना संपू दे की," तो म्हणाला. "डब्यातल्या काढा, वहिनींना द्या. नेहमीसारखं."

"आता नाही जमायचं. सही झालीय माझी."

"मामा, डोकं फिरलंय का तुमचं?"

तेवढ्यात सुपरवायझर ओरडत आला. पुढचं काम निळ्या शाईचं होतं आणि रोलर अजून लालभडक. "कशानंही पुसा, पण पाच मिनिटांत मशीन चालू पाहिजे."

मामांनी शर्टाची बटणं सोडली. शर्टाची घडी घातली, सॉल्व्हंटमध्ये बुडवली आणि एकेक रोलर नेहमीच्या निगुतीनं पुसून काढला. मग तो लिबलिबीत गोळा लाल डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

"मामा, घरी कसे जाणार?" सुपरवायझरचा आवाज उतरला होता.

बनियनवरच उभं राहून मामांनी निळी शाई ओतली आणि मशीन चालू केलं.