सुभेदाराची जोडी

मनूने परकर खोचला, कोपरापर्यंत हात काचेच्या बरणीत घातला आणि मेलेला मासा चिमटीत धरून वर काढला. काल संध्याकाळी तो नव्या पैंजणासारखा लखलखत होता. आता शेपटीच्या जागी चार धागे होते आणि एक डोळा गेला होता.

“मुडद्या!” ती बरणीवर ओरडली. “तुझ्यापायी घाट पालथा घातला आमी. असं करत्यात व्हय?”

ज्याच्यावर ओरडली तो, दोन बोटांएवढा निळाजांभळा मासा, लाल पंख पसरून काचेपाशी आला आणि तिच्या नाकासमोर फुगून उभा राहिला. त्याचं नाव सुभेदार. नाव मनूनेच ठेवलेलं. तिचा थोरला भाऊ आकाराम नुसता नाईक. घरात त्याच्याहून वरच्या हुद्द्याचं कुणीतरी असावं, म्हणून. ठेवलं तेव्हा सगळे हसले होते. आकारामसुद्धा, थोडासा.

आकाराम ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. पाच वर्षांपूर्वी तो पलटणीत गेला तेव्हा मनू नऊ वर्षांची होती. मलायात जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं काढून तो गेल्या दिवाळीला परतला, तो एक ट्रंक आणि मांडीवर ही बरणी घेऊन. सारं गाव ओसरीवर लोटलं. किती मारलं रं? काय खात हुता तिकडं? पहिल्या दिवशी त्याने दोन-चार उत्तरं दिली. मग उत्तरं द्यायचंच सोडून दिलं.

मनूने मासा त्याच्यापुढे धरला. “दादा, त्यो असं करनार, तुला म्हाईत हुतं?”

त्याने माशाकडे पाहिलं. “व्हय.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तू इचारलं न्हाईस.”

मनूची कानशिलं तापली. विचारलं नाही! जोडीची कल्पना आईची, बनाबाईंची. एकला जीव कुढतुया, जोडी घाला त्याला, असं चार दिवस त्या म्हणत होत्या, आणि हा शेजारी बसून ऐकत होता. आणि जोडीदार निवडला तो रंगूने. रंगू म्हणजे वाईच्या लालासाहेब मामांची मुलगी, तिथल्या शाळेत मनूच्याच वर्गातली. दोघी यंदा सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार होत्या. रंगूला मास्तरीण व्हायचं होतं. बोलताना आत्तापासूनच तिची बोटं खडू धरल्यासारखी हलायची. शाळा सुटल्यावर दोघींनी नदीघाटाच्या पायरीवर पंचा धरून तासभर मासे झेलले. एक दांडगट म्हणून सोडला, एक मरतुकडा म्हणून सोडला.

“ह्यो घे,” रंगू शेवटी म्हणाली होती. “गरीब दिसतुया. ह्याचं कुनाशीबी जमंल.”

मनू तो गरीब मासा जास्वंदीच्या बुडाशी पुरत होती, तेव्हा बनाबाई दारात आल्या. उजव्या मनगटावर हळदीचा लेप, बोटं सुजून टम्म.

“हात धू आन् सारवाय घे. परवा लाला येतुया, तुझ्या आजीला घिऊन. घर बघाय.”

“मामानं घर बघितलं न्हाई व्हय कवा?”

“रीत असती. पोरगी द्यायची म्हंजी आदी घर बघून जात्यात.”

मनू मातीच्या हातांनी तशीच उभी राहिली. “कंची पोरगी?”

“आपली रंगू. आकारामाला. भावाची पोर, हक्काची हाय माझी. लय गरीब हाय, तिचं कुनाशीबी जमंल.”

“आन् हे?” मनूने आईच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

आठ दिवस झाले होते त्याला. आकाराम बसल्या जागी पेंगत होता, आई मागून गेली आणि तिने त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं. एवढंच. त्याने वळून न बघता हात धरला आणि पिरगाळला. आई किंचाळली तेव्हा कुठे त्याला ती दिसली. मग दिवसभर तो गोठ्यात गुरांच्या पायाशी बसून राहिला, आणि आईने गावाला सांगितलं की विहिरीवर पाय घसरला.

“हळू बोल,” बनाबाई दातांतून म्हणाल्या. “बायकू आली की मानूस येतंय ताळ्यावर. रंगूपाशी एक सबूद काढलास तर शाळा बंद तुझी. देवाशपथ बंद!”

मनूने घर सारवलं ते असं, जणू जमिनीचंच काहीतरी चुकलंय. शेणाचे शिंतोडे भिंतीवर उडाले. कुणाकुणावर रागवायचं, हेच तिला कळेना. आईवर, आजीवर, मामावर, की सगळं ऐकूनही खांबाला टेकून बसणाऱ्या ह्या दगडावर? नवरदेव म्हणे! हूं का चूं तरी कर.

दुसऱ्या दिवशी शाळेत रंगूने पहिलाच प्रश्न केला, “सुभेदाराची जोडी कशी हाय गं?”

“बरी हाय,” मनू म्हणाली.

म्हणाली आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. सबंध दिवस ती रंगूकडे न बघता बसली.

घरी येताना तिने गुरांच्या पाण्याच्या डोणीला चिकटलेली एक शंखाची गोगलगाय उचलली आणि थेट बरणीत टाकली.

“घे. फाड आता हिला. बघू तुझी मर्दुमकी.”

सुभेदार धावला. गोगलगाय शंखात गेली. त्याने दोन धडका दिल्या, फुगला, भोवती फिरला. शंख तळाशी पडून राहिला. सकाळी मनूने पाहिलं, तर गोगलगाय काचेवरून आपल्या वाटेने चढत होती आणि चार बोटांवर सुभेदार पंख मिटून शांत तरंगत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. मनूला त्याचाही राग आला.

पाहुणे उन्हं चढायच्या आत आले. मामांनी तुळया बघितल्या, गोठा बघितला, जणू पहिल्यांदाच बघतायत. आकाराम फेटा बांधून जाजमाच्या कडेला बसला होता. मनूने उंबऱ्याशी उभं राहून एक वाक्य तयार ठेवलं होतं. रात्रभर घोटलेलं. आजी, आईचा हात विहिरीवर मोडला न्हाई. शाळा बंद तर बंद.

आजी, साळूबाई, बरणीपाशी टेकल्या. “ह्ये काय गं बने?”

“मलायातला मासा,” बनाबाई घाईने म्हणाल्या. “आकारामानं आनला. लय जीव लावतुया बघ जनावराला.”

“एकलाच व्हय?”

मनूने श्वास भरून घेतला, तोंड उघडलं.

“एकलाच,” आकाराम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याची नजर बरणीवर होती.

“जोडी घातली हुती, आजी. घाटावरनं आनलेली. गरीब हुती. एका रातीत फाडली त्यानं.”

“का रं बाबा?”

“मागनं आली आसंल. वैरी वाटली आसंल.” आईच्या मनगटाकडे त्याने एकदाच पाहिलं. “त्यो ठरवून करत न्हाई. पर जिचा जीव जातुया, तिला त्येचं काय?”

मामांचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. साळूबाईंनी लेकीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि अंगठ्याने हळदीचा लेप थोडासा पुसला. खाली चार बोटं उमटलेली होती, हिरवी-काळी.

“विहिरीवर पडलीस व्हय, बने?”

बनाबाईंनी हातावर पदर ओढला.

“लाला, ऊठ,” साळूबाई म्हणाल्या. “पोरीची परीक्षा हाय. ती तरी हू दे.”

पाहुणे गेल्यावर बनाबाईंनी जेवणाची भांडी एकेक करून आपटली. “हक्काची पोर घालवलीस! माझ्या मायेदेखत माझं नाक कापलंस!” प्रत्येक भांड्यासरशी ओसरीवर आकारामचे खांदे ताठ होत होते. मनू धावत आत गेली आणि आईच्या हातातली परात हिसकावून घेतली. दोघी एकमेकींकडे धापा टाकत बघत राहिल्या. मग बनाबाई खाली बसल्या.

मनू ओसरीवर आली. तिचं घोटलेलं वाक्य तसंच राहिलं होतं, आणि आकारामने ते आधीच, दुसऱ्याच शब्दांत, बोलून टाकलं होतं. तिला त्याला खूप काही विचारायचं होतं, ओरडून. फेटा सोडून तो बरणीत बघत होता.

“गोगलगाय कुनी घातली?”

“मी.”

“त्यानं काय केलं न्हाई?”

“न्हाई.”

मनूने दप्तर आणलं आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्याकडे पाठ करून बसली. भूगोल काढला. ओठांतल्या ओठांत नद्यांची नावं पाठ करू लागली.

“मोठ्यानं वाच,” खांबापलीकडून आवाज आला. “मागं कोन हाय त्ये कळू दे.”

तिने वळून पाहिलं नाही. पान नीट केलं आणि वाचायला लागली.