मोशेकाकांचा काचेचा जग

मित्रांनो, मी काचेचा जग. दोन लिटरचा, एका कानाचा, वयाने एकतीस वर्षांचा. सध्या नवीन पनवेलमधल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, मोडक्या पंख्याच्या पात्यांशेजारी, उपडा पडून असतो. अंगावर धूळ आहे, पण त्याचं मला दुःख नाही. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे.

फिरोजाबादच्या भट्टीत एका कारागिराने नळीतून फुंकर घालून मला आकार दिला. पुढे मुंबईच्या एका दुकानातून मोशे वाकरूळकर यांनी लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी मला घरी आणलं. मोशेकाका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. न्हावा शेवा बंदरावर मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत ते नोकरीला होते. जेरुशाकाकू शाळेत शिकवत. दर शुक्रवारी काकू काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत माझ्यात भरत. शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लागले, प्रार्थना झाली, की घरातले सगळे ते घोट घोट पीत. कित्येक वर्षं माझं एवढंच काम होतं. मी तेव्हा फार सुखात होतो, हे मला नंतर कळलं.

काका निवृत्त झाले आणि घरात त्यांचे उन्हाळी रविवार सुरू झाले. दुपारी सोसायटीतली चार-सहा माणसं जेवायला यायची आणि त्या दिवशी काय प्यायचं ते काका ठरवायचे. त्यांना या निवडीचा भारी अभिमान. "मे महिन्यात व्हिस्की पिणं म्हणजे स्वेटर घालून खाडीत उतरणं," असं ते म्हणत. होळीनंतरच्या कोरड्या उन्हाला गार बियर, त्यात लिंबू आणि आल्याचा रस. एप्रिलमध्ये नाशिकची पांढरी वाइन, काकडीच्या चकत्या, पुदिना. मे लागला, हवा अंगाला चिकटायला लागली, की कोकम. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पादेलोण, जिरं, उभी चिरलेली हिरवी मिरची, भरपूर बर्फ आणि जिन.

"जिन अशी घालायची," काका सांगत, "की जिभेला कळता कामा नये."

लोक वाहवा करत. माझ्या पोटातला तो लालबुंद रंग उन्हाकडे धरून बघत. मीही फुगून जात असे. न पिणाऱ्यांसाठी काकू स्टीलच्या जगात साधं कोकम सरबत ठेवत. त्या जगाकडे मी जरा वरूनच बघायचो.

खालच्या मजल्यावर सत्यजीत आणि अनुया राहायला आले. सत्यजीत द्रोणागिरीच्या एका गोदामात व्यवस्थापक होता. हसतमुख, कोणाचंही सामान वर आणून देणारा. पहिल्याच रविवारी त्याने हात जोडून सांगितलं, "काका, मी पूर्वी खूप प्यायचो. सोडून तीन वर्षं झाली. मला साधं सरबत द्या."

"अरे, सोडलीस ती दारू. हे उन्हाळ्याचं पेय आहे."

"नको, काका. माझं एका थेंबावर थांबत नाही."

तो सगळा उन्हाळा त्याने स्टीलच्या जगातलंच घेतलं. पुढच्या उन्हाळ्यातही तसंच. इतरांची वाहवा काकांना पुरेना. तो एक न मिळालेला कौतुकाचा शब्द त्यांना टोचत राहिला.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातला तो रविवार फार उकाड्याचा होता. अनुया माहेरी पुण्याला गेली होती, संध्याकाळी परतणार होती. सत्यजीतने सरबत मागितलं. काका त्याचा स्टीलचा पेला घेऊन स्वयंपाकघरात आले. ओट्यावर आम्ही दोन्ही जग शेजारी शेजारी होतो. काकांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि मला उचललं. ओठांवर हसू होतं, मित्रांनो. एखाद्याची गंमत करताना असतं तसं.

सत्यजीत तहानलेला होता. अर्धा पेला तो एका दमात प्यायला आणि थांबला. काकांकडे पाहिलं. काकांनी भुवया उडवल्या. "कसं झालंय?"

मग त्याने उरलेला पेला संपवला आणि हात पुढे केला. दुसरा पेला त्याने स्वतः मागितला. तिसराही. काका खूश होऊन ओतत राहिले.

संध्याकाळी अनुया जिना चढून आली. मागे दोन पायऱ्या खाली सत्यजीत कठडा धरून उभा होता.

"काका, हा म्हणतो की त्याने सरबत मागितलं आणि तुम्ही दारू दिलीत. खरं सांगा. दिलीत का?"

काकांचा चेहरा पडला. आवाज ऐकून दारात जमलेली माणसं तीच होती जी दर रविवारी त्यांना मान देत. ते म्हणाले, "मी कशाला देईन? स्टीलचा जग त्याच्यासमोरच होता की. त्यानेच घेतली असेल."

अनुया मागे वळली. "इतकी वर्षं, सत्यजीत! आणि वर खोटंही बोलतोस?"

सत्यजीत काकांकडे बघत राहिला. मग खाली निघून गेला.

जेरुशाकाकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्यासमोर स्टीलचा जग काठोकाठ भरलेला होता. त्यातलं कोणीच घेतलं नव्हतं. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं, आणि सगळं सरबत मोरीत ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माळ्यावर ठेवलं. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "अहो, जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो," काका म्हणाले. उद्या सांगतो, आठवड्याने सांगतो.

त्यानंतर प्यायला सत्यजीतने कोणाची परवानगी घेतली नाही. गणपतीपर्यंत नोकरी गेली. दिवाळीत अनुया पुण्याला निघून गेली. माळ्यावर मला खालच्या मजल्यावरचं दार आपटलेलं ऐकू यायचं, मग बाटली घरंगळल्याचा आवाज. काका दोनदा खाली गेले. दोन्ही वेळा बेल न वाजवता परत आले. जानेवारीत यकृताच्या आजाराने सत्यजीत दवाखान्यातच वारला. चाळीसही पूर्ण नव्हता.

अनुया घर रिकामं करायला आली, तेव्हा काकूंनी तिला वर बोलावलं. काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि एकदाचे बोलले. सगळं बोलले. पेला, ओटा, दाराकडे टाकलेली नजर.

अनुया रडली नाही. तिने विचारलं, "हे त्याच्यासमोर कधी कबूल केलंत का, काका?"

"नाही."

"मी त्याला खोटारडा म्हटलं. मी त्याला शेवटची भेटले तेव्हाही म्हटलं." ती दाराशी गेली आणि थांबली. "दुसरा पेला त्याने मागितला, ते मी त्याला माफ केलं असतं. पहिल्याबद्दल तो खरं बोलत होता."

ती गेली. काका उभेच होते. काकूंनी त्यांना बसा म्हटलं नाही.

आता त्या घरात रविवारी कोणी येत नाही. काका भर उन्हात बाल्कनीत बसून असतात. काकू पाणी आणून ठेवतात, ते तसंच कोमट होतं.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. काका-काकूंना येत होतं. म्हणून मी तुम्हाला माझी निगा राखा असं सांगणार नाही. मी फुटलो तर दुसरा जग मिळेल. पण तुमच्या दारी आलेला माणूस नको म्हणाला, तर ते 'नको' तुमच्या हौसेपेक्षा मोठं माना. आणि चुकलातच, तर ज्याला खोटं पाडलंत त्याच्याकडे त्याच दिवशी जा. बेल वाजवा. दार उघडणारा माणूस आत आहे, तोवरच ती वाजवण्यात अर्थ असतो.